आदर आणि अनुकरण : माइक व्हर्नन यांच्या ब्लूज ध्वनिमुद्रण-निर्मितीचा चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

संगीताच्या समीक्षेत गायक, वादक आणि स्वररचनाकार यांच्या कार्याची चर्चा विस्ताराने होते. ध्वनिमुद्रण-निर्मात्याच्या कार्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. मराठी वाचकाला 'निर्माता' हा शब्द चित्रपटाच्या संदर्भात परिचित आहे आणि तेथे त्याचा अर्थ प्रामुख्याने भांडवल उभे करणारा असा होतो. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रण-व्यवसायातील निर्माता याहून वेगळा आहे. कोणाचे ध्वनिमुद्रण करावयाचे, कोणती गाणी घ्यावयाची, साथीला कोणाला बसवावयाचे, आवाज कसा टिपावयाचा आणि कोणता प्रयत्न अंतिम मानावयाचा, हे निर्णय तो घेतो. तबकडीवर त्याचा स्वर क्वचितच ऐकू येतो. त्याचा विवेक मात्र सर्वत्र ऐकू येतो.

माइक व्हर्नन (जन्म १९४४) हे अशा निर्मात्यांपैकी एक होत. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ब्लूज संगीताची जी लाट आली, तिच्यातील अनेक महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिकांवर निर्माता म्हणून त्यांचे नाव आहे. जॉन मेयॉल, एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, फ्लीटवुड मॅक, चिकन शॅक यांच्याप्रमाणेच ओटिस स्पॅन, चॅम्पियन जॅक ड्युप्री, एडी बॉइड आणि फ्रेडी किंग या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांचेही ध्वनिमुद्रण त्यांनी केले. त्यांच्या कार्याची नोंद बहुधा गौरवाच्या सुरात होते. परंतु त्या कार्याच्या गाभ्याशी एक अवघड प्रश्न आहे. दुसऱ्या समाजाच्या दुःखातून जन्मलेल्या संगीताविषयी नितांत आदर असणाऱ्याने ते संगीत आपल्या भूमीत कसे निर्माण करावे? आदर कोठे संपतो आणि अनुकरण कोठे सुरू होते?

व्हर्नन यांचे उत्तम कार्य मूळ नमुन्याशी असलेल्या निष्ठेतून घडले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या उलट भूमिका मांडली आहे. ज्या ज्या वेळी त्यांनी नमुन्यापेक्षा समोर बसलेल्या वादकावर अधिक विश्वास टाकला, त्या त्या वेळी त्यांची निर्मिती टिकाऊ ठरली. आणि ज्या वेळी निष्ठेने विवेकावर मात केली, त्या वेळी ती दुय्यम ठरली.

पार्श्वभूमी

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय श्रमिकांचे संगीत होय. गुलामगिरीच्या अंतानंतरही कायम राहिलेले दारिद्र्य, वर्णभेद, विरह आणि स्थलांतर यांची छाया त्याच्यावर आहे. बारा 'बार'ची ठरलेली चौकट, एका ओळीची पुनरावृत्ती, गळ्याने विचारलेल्या प्रश्नाला गिटारने दिलेले उत्तर ही त्याची ठळक लक्षणे आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडील औद्योगिक शहरांत गेले. त्यांच्यासोबत हे संगीतही शिकागोला आले आणि तेथे विजेच्या गिटारने त्याचा बाज बदलला. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ यांच्या तबकड्या शिकागोतील चेस या कंपनीने काढल्या.

इंग्लंडमधील मध्यमवर्गीय तरुणांना हे संगीत प्रामुख्याने तबकड्यांतून भेटले. ज्या जीवनातून ते आले, ते जीवन त्यांनी पाहिलेले नव्हते. साहजिकच तबकडी हाच त्यांचा गुरू झाला. भारतीय परंपरेत शिष्य गुरूसमोर बसून शिकतो, चुकतो आणि गुरूकडून दुरुस्त होतो. तबकडी मात्र शिष्याला दुरुस्त करीत नाही. ती फक्त पुनःपुन्हा तेच ऐकविते. अशा शिक्षणात तंत्र लवकर येते, परंतु स्वतःचा स्वर शोधण्याची सक्ती होत नाही. ब्रिटिश ब्लूजची बलस्थाने आणि मर्यादा या दोन्हींचे मूळ येथे आहे.

रसिकाकडून निर्मात्याकडे

व्हर्नन यांचा जन्म लंडनच्या परिसरातील हॅरो येथे झाला. १९६२ साली ते डेक्का या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीत साहाय्यक म्हणून दाखल झाले. नोकरी करीत असतानाच त्यांनी नील स्लेव्हन यांच्यासमवेत १९६४ मध्ये 'आर अँड बी मंथली' हे छोटे नियतकालिक सुरू केले. ब्लूजच्या रसिकांनी रसिकांसाठी काढलेले हे पत्र होते. ही बाब केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून पाहता येणार नाही. व्हर्नन प्रथम श्रोते होते, नंतर भाष्यकार झाले आणि मग निर्माते झाले. हा क्रम त्यांच्या पुढील कार्याचे स्वरूप ठरविणारा आहे.

डेक्कामध्ये त्यांना अमेरिकन कलावंतांसमवेत काम करण्याची संधी लवकर मिळाली. १९६४ साली मडी वॉटर्स यांच्या वाद्यवृंदातील पियानोवादक ओटिस स्पॅन इंग्लंडमध्ये आले असता त्यांचे 'द ब्लूज ऑफ ओटिस स्पॅन' हे ध्वनिमुद्रण व्हर्नन यांनी केले. त्यात गिटारच्या साथीला स्वतः मडी वॉटर्स होते. एरवी जो वादक मडी वॉटर्स यांच्या मागे बसत असे, तो येथे पुढे आला आणि नायक साथीला बसला. साथीदाराकडे स्वतंत्र कलावंत म्हणून पाहण्याची ही दृष्टी विशीतल्या निर्मात्याच्या ठायी होती, हे नोंद घेण्याजोगे आहे.

१९६५ मध्ये त्यांनी ब्लू होरायझन ही स्वतःची नाममुद्रा सुरू केली. तिची पहिली तबकडी हाउलिन वुल्फ यांचे गिटारवादक ह्युबर्ट समलिन यांची होती आणि तिच्या केवळ ९९ प्रती काढण्यात आल्या. इतक्या अल्प संख्येमुळे खरेदी करातून सूट मिळत असे. पुढील वर्षी पर्दा या त्यांच्याच दुसऱ्या नाममुद्रेखाली मेयॉल व क्लॅप्टन यांची एक तबकडी ५०० प्रतींमध्ये निघाली. नफ्याच्या दृष्टीने या उपक्रमांना अर्थ नव्हता. 'हे ऐकले गेले पाहिजे' या एकाच तळमळीतून ते जन्मले होते. या ठिकाणीही निवड पुन्हा एका साथीदाराची, म्हणजे समलिन यांची आहे.

'ब्लूज ब्रेकर्स' : आवाजाविषयीचा निर्णय

जॉन मेयॉल यांचा डेक्काशी असलेला आधीचा संबंध फारसा यशस्वी ठरला नव्हता. त्यांना पुन्हा संधी मिळावी यासाठी व्हर्नन यांनी कंपनीत आग्रह धरला आणि त्यातून १९६६ साली 'ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन' ही एलपी प्रसिद्ध झाली. मेयॉल, क्लॅप्टन, बासवादक जॉन मॅक्वी आणि ड्रमवादक ह्युई फ्लिंट हे मुख्य वादक होते. ध्वनिमुद्रण लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेड भागातील डेक्काच्या स्टुडिओत झाले आणि ध्वनी अभियंता गस डजन होते.

त्या काळी स्टुडिओची शिस्त ठरलेली होती. वादकाने अँप्लिफायरचा आवाज कमी ठेवावयाचा आणि मायक्रोफोन अगदी जवळ आणून तो आवाज टिपावयाचा. क्लॅप्टन यांनी याला नकार दिला. गिब्सन लेस पॉल गिटार आणि मार्शल अँप्लिफायर यांच्या संयोगातून जो भरदार, किंचित फाटल्यासारखा आणि लांबणारा स्वर निघे, तो आवाज पूर्ण वाढविल्याशिवाय निघत नसे. कार्यक्रमात वाजवितो तसेच स्टुडिओतही वाजवावयाचे, ही त्यांची अट होती. तांत्रिकदृष्ट्या हा दोष होता, कारण इतका मोठा आवाज शेजारच्या मायक्रोफोनांतही शिरत असे. अभियंत्याची अस्वस्थता समजण्यासारखी होती.

येथे निर्मात्याने काय केले, हा कळीचा प्रश्न आहे. त्यांनी वादकाची बाजू घेतली. याला 'काहीच न करणे' म्हणणे सोपे आहे आणि काही वेळा तसे म्हटलेही जाते. परंतु संस्थेचा नोकर असलेल्या तरुणाने संस्थेचा नियम बाजूस ठेवणे हा क्रियाशील निर्णय आहे. शिवाय शिकागोच्या तबकड्यांवर असा गिटारचा स्वर नव्हता. अस्सल ब्लूजच्या कसोटीवर घासला असता तो स्वर 'चुकीचा' होता. निष्ठावंत रसिकाने त्याला विरोध करावयास हवा होता. व्हर्नन यांच्यातील श्रोत्याने तो स्वीकारला. ही एलपी इंग्लंडच्या विक्री-यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली, आणि पुढील काळातील रॉक गिटारवादनाने याच स्वरापासून प्रेरणा घेतली.

याच संदर्भात एक धागा लक्षात घेण्यासारखा आहे. या एलपीत क्लॅप्टन यांनी टेक्ससचे गिटारवादक फ्रेडी किंग यांची 'हाइडअवे' ही रचना वाजविली. क्लॅप्टन गेल्यानंतर आलेल्या पीटर ग्रीन यांनी 'अ हार्ड रोड' (१९६७) मध्ये किंग यांचीच 'द स्टम्बल' वाजविली, आणि त्यांच्यानंतरच्या मिक टेलर यांनी 'क्रुसेड' (१९६७) मध्ये किंग यांचीच 'ड्रायव्हिंग साइडवेज' वाजविली. जणू प्रत्येक नव्या शिष्याला एकाच गुरूची एक बंदिश सादर करून दाखवावी लागत होती. तिन्ही एलपींचे निर्माते व्हर्नन होते. तीच परंपरा, तीच चौकट आणि तरीही तिघांचे स्वर वेगळे राहिले. क्लॅप्टन यांच्यात आवेश आहे, ग्रीन यांच्यात संयम आहे, टेलर यांच्यात प्रवाहीपण आहे. हे वेगळेपण पुसले गेले नाही, यात निर्मात्याचा वाटा आहे.

डेक्कातील नोकरीत त्यांना ब्लूजबाहेरचेही काम करावे लागे. १ जून १९६७ रोजी डेक्काच्या डेरम या नाममुद्रेखाली प्रसिद्ध झालेली डेव्हिड बोवी यांची पहिली एलपी व्हर्नन यांनीच केली होती. तिची फारशी विक्री झाली नाही. नाट्यात्म, विनोदी ढंगाची ती गाणी त्यांच्या मूळ प्रकृतीहून दूर होती, परंतु बोवी यांच्यावर ब्लूज लादण्याचा प्रयत्न त्यांत दिसत नाही.

ब्लू होरायझन : निष्ठेची मर्यादा

पीटर ग्रीन यांनी १९६७ मध्ये मेयॉल यांची साथ सोडून मिक फ्लीटवुड, जेरेमी स्पेन्सर आणि पुढे जॉन मॅक्वी यांच्यासह फ्लीटवुड मॅक हा वाद्यवृंद उभा केला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये विंडसर येथील महोत्सवात त्यांनी प्रथम जाहीर वादन केले. त्याच वर्षी ब्लू होरायझनला सीबीएस कंपनीचे वितरण लाभले आणि घरगुती उपक्रमाचे रूपांतर व्यावसायिक संस्थेत झाले. फेब्रुवारी १९६८ मध्ये फ्लीटवुड मॅकची पहिली एलपी आली आणि ती विक्री-यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचली. मोठ्या प्रमाणावर इतरांच्या शैलीवर आधारलेली असूनही तिच्यात ताजेपणा आहे.

त्याच वर्षी आलेल्या 'मिस्टर वंडरफुल' या दुसऱ्या एलपीत हा ताजेपणा राहिला नाही. येथे हेतुपुरस्सर जुन्या तबकड्यांसारखा खरबरीत आवाज साधण्याचा प्रयत्न झाला. क्लबात वाजविल्याप्रमाणे सर्वांनी एकत्र वाजवावयाचे आणि तो एकत्रित आवाज टिपावयाचा, असे तिचे धोरण होते. परिणामी आवाज कोंदट झाला. स्पेन्सर यांनी गायिलेल्या चार गाण्यांची सुरुवात एल्मोर जेम्स यांच्या प्रसिद्ध स्लाइड गिटारच्या जवळजवळ एकाच सुरावटीने होते. एकदा ऐकताना ती मानवंदना वाटते. चौथ्यांदा ती सवय वाटते. जेम्स १९६३ मध्येच निवर्तले होते. त्यांचे वादन जसेच्या तसे उभे करणे हे कौशल्य खरे, परंतु जेम्स यांच्या तबकड्या उपलब्ध असताना त्या प्रतिकृतीची आवश्यकता काय, हा प्रश्न उरतो. येथे निर्मात्याने वादकाला थांबविणे आवश्यक होते. 'ब्लूज ब्रेकर्स'च्या वेळी ज्या हस्तक्षेप न करण्याने गुण निर्माण केला, त्याच हस्तक्षेप न करण्याने येथे दोष निर्माण केला. यावरून असे दिसते की, मोकळीक देणे हे स्वतः मूल्य नाही. मोकळीक कोणत्या गोष्टीला दिली जाते यावर तिचे मूल्य अवलंबून असते. क्लॅप्टन यांना मिळालेली मोकळीक स्वतःच्या स्वराला होती, स्पेन्सर यांना मिळालेली मोकळीक दुसऱ्याच्या स्वराला होती.

याच वर्षातील दोन तबकड्या उलट दिशेने जातात. 'नीड युवर लव्ह सो बॅड' हे लिटल विली जॉन यांचे १९५५चे गाणे ग्रीन यांनी गायिले आणि त्यासाठी मिकी बेकर यांनी तंतुवाद्यांची रचना केली. ब्लूजमध्ये व्हायोलिनांचा ताफा म्हणजे कट्टर रसिकाच्या दृष्टीने पापच. परंतु ग्रीन यांचा दबलेला, जवळजवळ बोलल्यासारखा गळा त्या तंतुवाद्यांमुळे अधिक एकाकी वाटतो. त्यानंतर आलेली 'अल्बाट्रॉस' ही तर शब्दहीन रचना होय. डॅनी कर्वन यांच्यासह वाजविलेल्या दोन गिटारींचा संथ संवाद आणि मऊ टोकाच्या काठ्यांनी उठविलेला ड्रमांचा लांबचा घुमारा, एवढेच तिचे साहित्य. बारा 'बार'ची चौकट नाही, आक्रोश नाही. १९६९च्या आरंभी ती इंग्लंडच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि १९७३ मध्ये पुन्हा काढली असता दुसऱ्या क्रमांकावर गेली. शिकागोची कोणतीही खूण न ठेवता ब्लूजमधील विरहभाव तिच्यात उतरला आहे. शिष्य गुरूची नक्कल थांबवितो तेव्हाच गुरूची विद्या त्याच्यात उतरल्याचे कळते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

चिकन शॅक या वाद्यवृंदाबाबतही असेच दिसते. त्यांच्या तबकड्यांपैकी सर्वाधिक स्मरणात राहिली ती क्रिस्टीन परफेक्ट यांनी गायिलेली 'आय'ड रादर गो ब्लाइंड' (१९६९). एटा जेम्स यांनी हे गाणे पूर्ण गळ्याने गायिले होते. परफेक्ट यांनी ते उंच न नेता आपल्या मंद, सायीसारख्या आवाजात ठेवले. मूळ गायिकेशी स्पर्धा टाळण्यातच त्यांचा विजय आहे.

जानेवारी १९६९ : दोन भेटी

व्हर्नन यांच्या कार्यातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग जानेवारी १९६९ मधील होत. फ्लीटवुड मॅक अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना ४ जानेवारी रोजी शिकागोतील चेस कंपनीच्या टेर-मार स्टुडिओत एक दिवसाचे ध्वनिमुद्रण योजण्यात आले. निर्माते व्हर्नन आणि मार्शल चेस होते. एका बाजूला तरुण इंग्रज वादक, तर दुसऱ्या बाजूला ओटिस स्पॅन, विली डिक्सन, वॉल्टर हॉर्टन, बडी गाय, हनीबॉय एडवर्ड्स, एस. पी. लिअरी आणि सॅक्सोफोनवादक जे. टी. ब्राउन अशी मंडळी होती. त्यातून 'ब्लूज जॅम अॅट चेस' ही दोन तबकड्यांची एलपी निघाली.

ज्यांना आजवर तबकडीनेच शिकविले, त्यांना येथे प्रत्यक्ष गुरू भेटले. जे. टी. ब्राउन यांनी एल्मोर जेम्स यांच्या हयातीत त्यांना साथ केली होती. आता ते जेम्स यांचेच अनुकरण करणाऱ्या जेरेमी स्पेन्सर यांना साथ करीत होते. या प्रसंगात विनोद आहे आणि कारुण्यही आहे. परंतु ऐकताना एक गोष्ट जाणवते. 'मिस्टर वंडरफुल'मध्ये निर्जीव वाटलेली तीच सुरावट येथे सजीव होते, कारण ब्राउन यांचा सॅक्सोफोन तिला उत्तर देतो. अनुकरणाला प्रत्युत्तर मिळाले की त्याचा संवाद होतो. व्हर्नन यांनी येथे कोणाची शैली बदलली नाही. त्यांनी माणसे एका खोलीत आणली. गाण्यांच्या मधले बोलणेही त्यांनी तबकडीवर ठेवले, त्यामुळे श्रोत्याला त्या खोलीतील वातावरणाचा प्रत्यय येतो.

यानंतर काही दिवसांतच न्यूयॉर्कमध्ये ओटिस स्पॅन यांची 'द बिगेस्ट थिंग सिन्स कोलोसस' ही एलपी ध्वनिमुद्रित झाली. साथीला ग्रीन, कर्वन आणि मॅक्वी होते, तर ड्रमवर लिअरी होते. निव्वळ संगीताच्या दृष्टीने ही एलपी शिकागोतील जमावापेक्षा श्रेष्ठ ठरते. येथे नायक कोण याविषयी संदिग्धता नाही. ग्रीन यांच्यासारखा प्रथम दर्जाचा गिटारवादक स्पॅन यांच्या गळ्याला आणि पियानोला जागा सोडीत, नेमक्या ठिकाणी दोन-चार स्वर ठेवीत जातो. साथसंगतीची मर्यादा आणि प्रतिष्ठा या दोन्हींचे भान त्यात आहे. १९६४ मध्ये स्पॅन यांना त्यांच्या सहकाऱ्यांची साथ होती. १९६९ मध्ये सातासमुद्रापलीकडच्या तरुणांची. या दोन ध्वनिमुद्रणांमधील पाच वर्षांत इंग्रज ब्लूजने काय कमावले, याचे मोजमाप कोणत्याही विक्री-यादीपेक्षा या साथीत अधिक अचूकपणे मिळते.

न्यायाचा प्रश्न

येथे समीक्षेला संगीताबाहेर पडून एक प्रश्न विचारणे भाग आहे. या आदराचा लाभ कोणाला झाला?

ब्लू होरायझनने इंग्रज आणि अमेरिकन, गोरे आणि कृष्णवर्णीय कलावंत एकाच नाममुद्रेखाली, एकाच प्रतिष्ठेने प्रसिद्ध केले. वर्णभेदाला विटून युरोपात स्थायिक झालेल्या ड्युप्री आणि बॉइड यांच्यासारख्या पियानोवादकांना तिने नव्या एलपींची संधी दिली. ड्युप्री पुढे जर्मनीत आणि बॉइड फिनलंडमध्ये निवर्तले. मायदेशी त्यांची अशी कदर झाली नव्हती. जुनी अमेरिकन ध्वनिमुद्रणेही तिने इंग्रज श्रोत्यांपुढे पुन्हा आणली. हे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु नाममुद्रा समान असली तरी बाजार समान नव्हता. इंग्रज वाद्यवृंदांच्या तबकड्या विक्री-यादीत गेल्या. ज्यांच्याकडून ते शिकले त्यांच्या गेल्या नाहीत. ओटिस स्पॅन एप्रिल १९७० मध्ये शिकागोत निवर्तले आणि त्यांच्या कबरीवर १९९९ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. न्यूयॉर्कमध्ये त्यांना साथ करणाऱ्या वादकाच्या नावाचा अंश धारण करणारा वाद्यवृंद मात्र १९७०च्या दशकात, अगदी वेगळ्या संगीतासह, जगातील सर्वाधिक खपाच्या वाद्यवृंदांपैकी एक झाला. या विषमतेचा दोष एका निर्मात्यावर टाकणे अन्यायाचे होईल. अमेरिकन ध्वनिमुद्रण-व्यवसायातील स्वामित्वधनाची व्यवस्था, वर्णभेदावर उभी असलेली बाजारपेठ आणि श्रोत्यांची अभिरुची ही तिची कारणे होत. तथापि, आदर हा न्यायाचा पर्याय होऊ शकत नाही, हे सत्य या उदाहरणातून स्पष्टपणे पुढे येते. निर्माता कलावंताला तबकडीवर योग्य जागा देऊ शकतो. समाजात ती जागा मिळवून देणे त्याच्या हातात नसते. व्हर्नन यांनी जे हातात होते ते बऱ्याच अंशी केले, असे म्हणता येईल. स्पॅन यांच्या दोन्ही एलपी त्याची साक्ष आहेत.

व्यवसायाच्या पातळीवर व्हर्नन स्वतःही सुरक्षित नव्हते. १९६९ मध्ये कराराचे नूतनीकरण न झाल्याने फ्लीटवुड मॅकने ब्लू होरायझन सोडली. ज्या वाद्यवृंदाच्या यशावर नाममुद्रा उभी होती तोच गेल्यावर तिची शक्ती ओसरली आणि १९७२च्या सुमारास तिचे कार्य थांबले.

ब्लूजपलीकडे

पुढील कारकिर्दीकडे ब्लूजचे अभ्यासक काहीशा नाराजीने पाहतात. व्हर्नन यांनी नेदरलंड्समधील फोकस या वाद्यवृंदाची 'हॉकस पोकस' ही रचना असलेली एलपी (१९७१) केली. ब्लडस्टोन या अमेरिकन सोल गायकवृंदाचे 'नॅचरल हाय' (१९७३) हे गाणे केले, जे अमेरिकेच्या विक्री-यादीत पहिल्या दहांत गेले. आणि १९८१ मध्ये लेव्हल ४२ या इंग्रज वाद्यवृंदाची पहिली एलपी केली. भाऊ रिचर्ड यांच्यासमवेत त्यांनी ऑक्सफर्डशायरमधील चिपिंग नॉर्टन या गावी जुन्या शाळेच्या इमारतीत निवासी स्टुडिओ उभारला. १९९९ पर्यंत चाललेल्या या स्टुडिओतच जेरी रॅफर्टी यांचे 'बेकर स्ट्रीट' हे १९७८चे प्रसिद्ध गाणे, ह्यू मर्फी यांच्या सहनिर्मितीत, ध्वनिमुद्रित झाले.

ही वाटचाल म्हणजे ब्लूजशी प्रतारणा, असे मानण्याचे कारण नाही. लयीची जाण आणि वादकाला त्याच्या प्रकृतीनुसार वाजवू देण्याची तयारी हे गुण या सर्व कामांत समान आहेत. शिवाय याच काळात आधी उल्लेखिलेला धागा पूर्ण झाला. ज्यांच्या रचना क्लॅप्टन, ग्रीन आणि टेलर यांनी एकेक करून वाजविल्या होत्या, ते फ्रेडी किंग स्वतः इंग्लंडमध्ये आले आणि व्हर्नन यांनी त्यांची 'बर्गलर' (१९७४) ही एलपी केली. किंग यांना १९६१ च्या 'हाइडअवे'त परत नेण्याचा मोह त्यांनी टाळला. समकालीन फंकची लय, ब्रास वाद्ये आणि तरुण इंग्रज वादक यांच्या संगतीत किंग यांचा गळा आणि गिटार दोन्ही वर्तमानात उभे राहतात. कलावंताला त्याच्याच भूतकाळाचा कैदी न करणे, हाही आदराचाच एक प्रकार आहे. डिसेंबर १९७६ मध्ये किंग यांचे अकाली निधन झाले. त्यामुळे या एलपीचे मोल अधिकच वाढते.

उत्तरायुष्यात व्हर्नन स्पेनमध्ये राहू लागले. तरीही २०१० साली ऑली ब्राउन आणि डॅनी वाइल्ड या तरुण इंग्रज ब्लूज कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांसाठी ते पुन्हा निर्मात्याच्या आसनावर बसले. २०१८ मध्ये स्वतःच्या गळ्याने गायिलेली 'बियॉन्ड द ब्लू होरायझन' ही ध्वनिमुद्रिका त्यांनी काढली. आयुष्यभर इतरांचे ऐकणाऱ्याने अखेरीस स्वतःचे ऐकविले, असे तिच्याविषयी म्हणता येईल.

समारोप

माइक व्हर्नन यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना तीन गोष्टी ठळकपणे पुढे येतात. पहिली, निर्मात्याचे मुख्य साधन यंत्र नसून कान हे आहे. 'ब्लूज ब्रेकर्स'चा स्वर तंत्राच्या नियमांना सोडून असतानाही योग्य आहे, हे त्यांच्या कानाने ओळखले. दुसरी, परंपरेवरील निष्ठा आणि परंपरेची प्रतिकृती या भिन्न गोष्टी आहेत. 'मिस्टर वंडरफुल' आणि 'अल्बाट्रॉस' या एकाच वर्षातील, एकाच वाद्यवृंदाच्या आणि एकाच निर्मात्याच्या कृती हा भेद इतका स्पष्ट करतात की त्याला अन्य पुराव्याची गरज भासत नाही. तिसरी, साथसंगत ही निर्मितीची सर्वांत सूक्ष्म कला होय. कोणाला कोणाशेजारी बसवावयाचे आणि कोणाला पुढे आणावयाचे, या निर्णयांत व्हर्नन यांची प्रतिभा दिसते. ओटिस स्पॅन यांच्या दोन एलपी आणि फ्रेडी किंग यांची 'बर्गलर' हे त्याचे उत्कृष्ट नमुने आहेत.

लोकपरंपरेतील संगीत नव्या श्रोत्यांपुढे आणण्याचा प्रश्न केवळ इंग्लंडपुरता किंवा ब्लूजपुरता मर्यादित नाही. ज्या ज्या ठिकाणी शहरी, सुशिक्षित रसिक दुसऱ्या समाजघटकाचे गाणे ध्वनिमुद्रित करतो, त्या त्या ठिकाणी तो उभा राहतो. गाणे जतन झाले, परंतु गाणाऱ्याचे काय झाले, हे विचारल्याशिवाय असे कार्य पूर्णतः समजत नाही. व्हर्नन यांच्या कारकिर्दीतून या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर मिळत नाही. परंतु त्यांच्या उत्तम ध्वनिमुद्रणांत गाणारा माणूस त्याच्या गाण्याआड दडलेला नाही. त्याचे नाव पुढे आहे, त्याच्या स्वराला जागा आहे आणि त्याच्या शेजारी बसलेला शिष्य ऐकतो आहे.